आईसुद्धा शिकते आहे!

ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख'ला पट्टी अधिक हलते; त्यात हवेचा झोत असतो. कोरियन भाषेत 'क'च्या जातीचे तीन ध्वनी आहेत : साधा, झोताचा आणि घसा आवळून काढलेला.

समजा, एक मराठी कुटुंब सेऊलला राहायला गेले. धाकटा बंडू शाळेत तोंडच उघडत नाही. मग आईही त्याच्याबरोबर कोरियन शिकू लागते. तिला हे ध्वनी त्याच्याहून अवघड जातील. का बरे?

१९८४ साली वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी भाषक घरांतील बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक कळत होता. वर्षाच्या सुमारास बहुतेकांना तो कळेनासा झाला. रोज कानांवर न पडणारे फरक कान असे सोडून देतो. मोठेपणी ते पुन्हा कमवावे लागतात.

लिपीचे मात्र भय नाही. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती घडवली. तिच्यातले 'न' हे अक्षर म्हणजे टाळूला टेकलेल्या जिभेची आकृतीच!

आई चुकेल, हसेल, पुन्हा म्हणेल. बंडू तिचा उच्चार सुधारील, आणि तिथेच त्याची भीड चेपेल. तुमच्या घरी इंग्रजीला घाबरणारे कुणी आहे? त्याच्या शेजारी बसून तुम्हीही एखादी नवी भाषा सुरू करा पाहू!