दुसऱ्या वाद्याचे पैसे

गायक लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ ज्यांनी ऐकलंय त्यांना शब्द नंतर आठवतात, आधी आठवतो तो बास. हे गाणं १९७२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत मुद्रित झालं. निर्माते होते डेव्हिड बोवी आणि मिक रॉन्सन. बास वाजवायला हर्बी फ्लॉवर्सला बोलावलं होतं.

गाण्याचा मुख्य भाग दोनच कॉर्डवर चालतो. फ्लॉवर्सनं आधी डबल बासवर षड्जावरून मध्यमाकडे घसरत जाणारी ओळ वाजवली. मग इलेक्ट्रिक बास घेतला आणि तीच चाल वरून भरली. खाली सा, तेव्हा वरच्या सप्तकातला गंधार. खाली मध्यम, तेव्हा वर धैवत. दोन्हींच्या मधे मोकळी जागा राहिली आणि रीडचं गप्पा मारल्यासारखं गाणं त्यात आरामात सामावलं.

ही युक्ती सुचली कशी? फ्लॉवर्सनं कलेच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. एकाच गाण्यात दुसरं वाद्य वाजवलं की मुद्रणापुरत्या बोलावलेल्या सेशन वादकाला दुप्पट पैसे मिळत, म्हणून वाजवलं, असं तो हसत सांगे. हाती आले १७ पौंड. १९९०मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटानं याच बासवर ‘कॅन आय किक इट?’ हे गाणं उभं केलं, तेव्हा त्याची रॉयल्टी गीतकार-संगीतकार म्हणून रीडकडे गेली. वादकाची कल्पना कितीही मोलाची असो, कायद्याच्या लेखी ती मजुरीच होती.

दुसऱ्या वाद्याचं गणित फ्लॉवर्सला फार आधीच कळलं होतं. १९३८मध्ये मिडलसेक्समधल्या आयझलवर्थला जन्मलेला हा मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत हवाई दलाच्या बँडमध्ये गेला आणि तिथं ट्यूबा वाजवू लागला. बढतीसाठी आणखी एक वाद्य येणं गरजेचं होतं, म्हणून डबल बास आला. पुढं जॅझ मंडळींबरोबर वाजवणं झालं, ‘क्वीन एलिझाबेथ’ जहाजावरच्या वाद्यवृंदातली नोकरी झाली. त्या जहाजानं न्यूयॉर्कला नेलं, तिथं इलेक्ट्रिक बास कानावर पडला आणि तोही हाती आला. समोर ठेवलेलं नोटेशन झरझर वाचणारा आणि वेळेवर हजर होणारा माणूस लंडनच्या स्टुडिओंना हवाच होता. सत्तरचं दशक संपेपर्यंत सुमारे पाचशे गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांवर त्याचा बास होता, असा अंदाज सांगितला जातो. बोवीचं ‘स्पेस ऑडिटी’ (१९६९) त्यातलंच. डेव्हिड एसेक्सच्या ‘रॉक ऑन’मध्ये (१९७३) तर कॉर्ड धरणारं वाद्य जवळपास नाहीच, बास आणि तालवाद्यं एवढ्यावर सगळा डोलारा.

आणि याच माणसानं ‘ग्रँडॅड’ लिहिलं! केनी पिकेटच्या साथीनं रचलेलं, ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेतल्या क्लाइव्ह डननं गायलेलं हे आजोबांचं बाळबोध गाणं १९७१च्या जानेवारीत तीन आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. रसिक नाकं मुरडतील, पण इथं फ्लॉवर्सचं नाव रचनाकारांत होतं. अजरामर बासचे १७ पौंड आणि या गमतीवर रॉयल्टी, असा तो व्यवहार.

हक्काचे पैसे मागायला मात्र तो कचरत नसे. १९७४च्या जुलैत बोवीच्या दौऱ्यात फिलाडेल्फियाच्या टॉवर थिएटरमध्ये मंचावर जादा मायक्रोफोन दिसले. कार्यक्रमाचा अल्बम निघणार होता आणि वादकांना कोणी काही बोललं नव्हतं. फ्लॉवर्स सगळ्यांच्या वतीनं बोवीकडे गेला: माणशी पाच हजार डॉलर, नाहीतर आम्ही वाजवत नाही. बोवीनं कबूल केलं, मगच मंडळी मंचावर चढली. तो अल्बम म्हणजे ‘डेव्हिड लाइव्ह’.

एवढी उसनी कामं करून झाल्यावर त्यानं गिटारवादक जॉन विल्यम्स वगैरेंबरोबर ‘स्काय’ हा पाच जणांचा बँड उभा केला. शास्त्रीय संगीत आणि रॉक यांची ही सरमिसळ समीक्षकांना फारशी रुचली नाही, तरी ‘स्काय २’ हा अल्बम १९८०मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यात त्याची स्वतःची ‘ट्यूबा स्मार्टीज’ ही रचना आहे. १९८१मध्ये ‘स्काय’नं ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसाठी वेस्टमिन्स्टर ॲबीत कार्यक्रम केला.

नंतर तो ससेक्समधल्या डिचलिंग गावी राहिला, जॅझकडे परतला आणि मुलांच्या संगीत कार्यशाळा घेत राहिला. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, ८६व्या वर्षी तो गेला, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांनी त्याची ओळख त्या १७ पौंडांच्या गाण्यानंच करून दिली.