लोकर, मद्य आणि सोने

दोन देशांमधील व्यापार हा विषय सामान्यतः रुक्ष समजला जातो. आयातीचे आकडे, निर्यातीचे आकडे, जकातीचे दर आणि त्यांवरची खडाजंगी एवढेच त्याचे स्वरूप बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. परंतु या आकड्यांच्या मागे माणसे असतात. एका गावचा माग थांबतो तेव्हा दूरच्या कुठल्या तरी गावचा माग अधिक वेगाने चालू लागलेला असतो. हे का घडते आणि ते इष्ट की अनिष्ट, हा प्रश्न जितका अर्थशास्त्रज्ञांचा तितकाच तुम्हाआम्हा नागरिकांचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इंग्लंड आणि पोर्तुगाल या दोन देशांचे उदाहरण घेऊ. ते घेण्याचे कारण असे की, परदेशी व्यापार दोन्ही पक्षांना लाभदायक असतो हे सिद्ध करताना पाठ्यपुस्तके आजही याच जोडीचा दाखला देतात. आणि योगायोग असा की, याच जोडीचा शे-दीडशे वर्षांचा खराखुरा जमाखर्चही आपल्याला उपलब्ध आहे. पुस्तकातला हिशेब आणि वहीतला हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम पुस्तकातला हिशेब

डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1817 मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. त्यातील परदेशी व्यापारावरच्या प्रकरणात त्याने एक साधे गणित मांडले आहे. समजा, ठरावीक कापड तयार करण्यास इंग्लंडात 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य तयार करण्यास 120 माणसांचे. पोर्तुगालात तेवढ्याच कापडाला 90 आणि तेवढ्याच मद्याला 80 माणसे पुरतात. म्हणजे दोन्ही जिनसा पोर्तुगालातच कमी श्रमांत होतात. मग पोर्तुगालने इंग्लंडकडून काही घ्यावेच कशाला? सहज सुचणारा प्रश्न हाच आहे.

रिकार्डोचे उत्तर असे : पोर्तुगालने 80 माणसांच्या श्रमाचे मद्य इंग्लंडला दिले आणि त्याच्या बदल्यात कापड घेतले, तर जे कापड घरी करण्यास 90 माणसे लागली असती ते 80 माणसांत पदरी पडते. इंग्लंडनेही 100 माणसांचे कापड देऊन 120 माणसांच्या श्रमाचे मद्य मिळविले. एकाचे दहा वाचले, दुसऱ्याचे वीस. म्हणून प्रत्येक देशाने ज्या कामात त्याची सरशी अधिक किंवा उणेपणा कमी, ते काम करावे व बाकीच्या वस्तू विनिमयाने घ्याव्यात. यालाच तुलनात्मक लाभाचा सिद्धांत म्हणतात. गणित म्हणून त्यात खोट काढता येत नाही, आणि आजतागायत कोणी ती काढलेली नाही.

परंतु इंग्लंड कापड देते आणि पोर्तुगाल मद्य देते, ही वाटणी रिकार्डोच्या कल्पनेतून निघालेली नव्हती. ती त्याच्या आधी 100 वर्षांहून अधिक काळ चालत आली होती आणि तिच्यामागे एक तह होता. तेव्हा आता वहीकडे वळू.

मेथ्यूनचा तह

या दोन देशांची मैत्री फार जुनी. 1386 च्या विंडसरच्या तहापासून ती मोजतात. 1661 मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचा विवाह ठरला, तेव्हा मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे आले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या आंदणामागची निकड मात्र फारशी सांगितली जात नाही. स्पेनपासून नुकत्याच सुटलेल्या पोर्तुगालला आरमारी संरक्षण हवे होते आणि त्याची किंमत तो देश व्यापारी सवलतींनी व मुलुखाने देत होता.

पोर्तुगालने स्वतःचे उद्योग उभारण्याचा यत्न केलाच नाही असे मात्र नव्हे. 1675 नंतरच्या काळात एरिसेराच्या काउंटने लोकरीच्या धंद्याला राजाश्रय दिला. परदेशांतून कारागीर आणले. सेरा द एस्त्रेला डोंगराच्या कुशीतील कोव्हिल्यां या गावी, जेथे मेंढ्यांची लोकरही होती आणि डोंगरातून उतरणारे पाणीही होते, तेथे माग वाढू लागले. परदेशी कापड वापरण्यावर कायद्याने बंदी घालण्यात आली. 1690 मध्ये एरिसेराने आत्महत्या केली. त्याच दशकात ब्राझीलमध्ये सोने सापडले. हातात सोने खुळखुळू लागले की कारखान्यांची चिंता कोण करतो?

अशा वेळी स्पेनच्या गादीसाठी युरोपात युद्ध पेटले. इंग्लंडचे फ्रान्सशी वैर असल्याने फ्रेंच मद्याची वाट अडलेली होती. इंग्रज वकील जॉन मेथ्यून याने 27 डिसेंबर 1703 रोजी लिस्बन येथे एक व्यापारी तह केला. त्याची कलमे अवघी तीन. पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडावरील बंदी कायमची उठवावी. इंग्लंडने पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्याच्या जकातीपेक्षा एकतृतीयांश कमी जकात घ्यावी. आणि दोन्ही राजांनी ठराविक मुदतीत तहाला मान्यता द्यावी. एवढ्या लहान कागदावर इतकी मोठी चर्चा क्वचितच झाली असेल.

सोन्याचा ओघ

तहानंतर दोन्हीकडचा व्यापार वाढला, परंतु सारख्या प्रमाणात वाढला नाही. दूरो नदीच्या खोऱ्यातील मद्य चपट्या तळाच्या नावांतून ओपोर्तोच्या बंदरात उतरे आणि तेथून इंग्लंडला जाई. समुद्रप्रवासात ते टिकावे म्हणून त्यात ब्रँडी मिसळू लागले. आज ज्याला पोर्ट म्हणतात त्या मद्याचा जन्म या व्यवहारातून झाला. इंग्लंडहून येणारे कापड मात्र या मद्याच्या किमतीहून पुष्कळच अधिक असे. त्यातले बरेचसे तर लिस्बनमार्गे ब्राझीलला जाई. मग मधली तूट भरून कशी निघे? ती भरून निघे सोन्याने.

पोर्तुगालातून सोने बाहेर नेण्यास कायद्याने मनाई होती. तथापि फाल्मथ आणि लिस्बन यांच्यामध्ये टपाल नेणाऱ्या इंग्रजी जहाजांची झडती घेतली जात नसे, आणि सोने बिनबोभाट जाई. इंग्लंडच्या बाजारात पोर्तुगीज मोहर 27 शिलिंगांना राजरोस चाले. दर आठवड्याच्या जहाजातून सरासरी 50,000 पौंडांहून अधिक सोने येते, असे त्या काळी म्हटले जाई. ॲडम स्मिथने हा आकडा नमूद केला आहे, पण तो फुगविलेला असावा असेही त्याचे मत होते.

ब्राझीलच्या खाणींत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. सोने पोर्तुगालच्या राजाच्या नावे निघे. आणि अखेर ते लंडनच्या पेढ्यांवर विसावे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातला हा प्रकार होता. रिकार्डोच्या गणितात एका हातात कापड आहे आणि दुसऱ्या हातात मद्य आहे. या तिसऱ्या वस्तूला, आणि ती उपसणाऱ्या माणसांना, त्यात कोठेच जागा नाही.

आणखी एक गोष्ट त्या गणितात बसत नाही. भांडवलदार आपले भांडवल सहसा मायदेशातच ठेवतात, असे रिकार्डो धरून चालतो. तसे नसते तर कापड आणि मद्य दोन्ही पोर्तुगालातच निघाले असते, असे तो स्वतःच सांगतो. प्रत्यक्षात इंग्रज भांडवल पोर्तुगालात गेले, पण ते मागाकडे न जाता मद्याच्या वखारींकडे गेले. वॉर, क्रॉफ्ट, टेलर, सँडमन ही नावे आजही पोर्टच्या बाटल्यांवर दिसतात. द्राक्षे पोर्तुगीज शेतकऱ्याची, पण वखार, जहाज, उधारी आणि गिऱ्हाईक ही सारी बहुतांशी इंग्रज व्यापाऱ्याच्या हाती.

पोंबालचा प्रयत्न

ही गोष्ट ज्याच्या नीट ध्यानात आली तो मुत्सद्दी म्हणजे पोंबालचा मार्क्विस. तो काही वर्षे लंडनला पोर्तुगालचा वकील होता आणि इंग्रजांच्या वैभवाचे मूळ त्याने जवळून पाहिले होते. 1755 च्या भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त झाल्यावर राज्याची सूत्रे त्याच्या हाती एकवटली. 1756 मध्ये त्याने दूरो खोऱ्यातील मद्यासाठी सनदी कंपनी काढली आणि अस्सल मद्याच्या प्रदेशाची हद्द आखून दिली. मद्याला खोटा रंग आणण्यास ज्या झाडाची फळे वापरीत ती झाडे उपटून टाकविली. 1764 मध्ये कोव्हिल्यां येथे सरकारी कापड कारखाना उभारला.

यात जुलूमही होता. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध 1757 मध्ये ओपोर्तोत दंगा झाला, तेव्हा त्याने अनेकांना फासावर चढविले. परंतु त्याने तह मोडला नाही; मोडण्याचे बळही त्याच्यापाशी नव्हते, कारण स्पेनच्या भयापायी इंग्लंडचे आरमार हवेच होते. तहाच्या चौकटीत राहून देशाचा वाटा वाढवावा, हेच त्याचे धोरण.

तीन पंच, तीन निवाडे

या तहाबद्दल विद्वानांचे एकमत नाही. ॲडम स्मिथने 1776 मध्ये लिहिले की, तहात नुकसान झाले ते इंग्लंडचे, कारण इंग्लंडने पोर्तुगालला खास सवलत दिली आणि पोर्तुगालने मात्र इंग्रजी कापडाला इतरांहून अधिक असे काहीच दिले नाही. रिकार्डोने दोघांचाही लाभ सिद्ध केला. आणि 1841 मध्ये फ्रीड्रिख लिस्ट या जर्मन ग्रंथकाराने सांगितले की, या तहाने पोर्तुगालचे कारखाने बुडविले.

तिघांचे भिन्न निवाडे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. प्रत्येकाने निराळा प्रश्न विचारला होता. स्मिथने कलमे तपासली. रिकार्डोने एका वर्षाचे श्रम मोजले. लिस्टने विचारले की, पन्नास वर्षांनी त्या देशाच्या हातात कोणते कसब उरेल? लिस्टचे उत्तर काहीसे एकांगी आहे. पोर्तुगीज लोकरीचा धंदा समूळ नष्ट झाला नव्हता, आणि जो ढिला पडला तो केवळ तहामुळे नव्हे. सोन्याच्या सुलभतेनेही तो ढिला पडला. परंतु त्याचा प्रश्न बिनतोड आहे. कापडाच्या धंद्यातून यंत्रे निघतात, यंत्रांतून नवे धंदे निघतात, शिक्षण वाढते, शहरे वाढतात. द्राक्षमळ्यातून उत्तम मद्य निघते, पण मद्यातून सहसा मद्यच निघते.

तहाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. 1831 मध्ये इंग्लंडने मद्यावरील जकात सर्वांना सारखी केली आणि पोर्तुगालची सवलत गेली. त्याआधीच, 1822 मध्ये, ब्राझील स्वतंत्र झाला होता. ज्याच्या जिवावर तूट भरली जाई ते सोने त्याच्याही आधी आटले होते. व्यापारी तहांनी दुबळ्याला बांधण्याची रीत मात्र संपली नाही. 1878 मध्ये याच दोन सत्तांनी गोव्याविषयी तह केला. सालिना चार लाख रुपये पोर्तुगीजांना देण्याच्या बोलीवर गोव्यातील मीठ पिकविण्यावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि मुरगाव बंदरापर्यंत लोहमार्गाची योजना झाली. हा तह 1892 पर्यंत टिकला. करार लिस्बनला झाला. मिठागर मात्र गोवेकराचे होते.

पुढे 1960 मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल युरोपीय मुक्त व्यापार संघाचे संस्थापक सभासद झाले. या वेळी लंडनचा बाजार पोर्तुगीज मालाला खुला होत होता, आणि पोर्तुगालने आपल्या उद्योगांवरची जकात उतरविण्यास अधिक मुदत मागून घेतली. परिणाम असा झाला की, उत्तर पोर्तुगालच्या गिरण्यांचे कापड इंग्लंडात जाऊ लागले. कापडाचा प्रवाह उलटा फिरला! 1986 पासून 2020 पर्यंत दोन्ही देश युरोपीय संघाच्या एकाच बाजारपेठेत होते. कोव्हिल्यां येथील तो जुना सरकारी कारखाना आज विद्यापीठाच्या छत्राखाली लोकरीच्या धंद्याचे संग्रहालय झाला आहे.

यातून बोध काय घ्यावा? परदेशी मालाला दारे लावून घ्यावीत, असा तो नव्हे. रिकार्डोचे गणित खरे आहे आणि विनिमयाने श्रम वाचतात. परंतु वाचलेल्या श्रमांचे काय केले, हे गणित सांगत नाही. ते सांगावे लागते त्या देशाच्या राज्यकर्त्यांना आणि नागरिकांना. पोर्तुगालने 18 व्या शतकात वाचलेले श्रम आणि आयते आलेले सोने राजवाडे, मठ आणि परदेशी कापड यांवर खर्चिले. विसाव्या शतकात त्याने सवलतीची मुदत घेऊन गिरण्या उभारल्या. शेजारी तोच, समुद्र तोच. फरक पडला तो तहात काय मागून घ्यावे हे उमगल्यामुळे, आणि मागून घेतलेल्या मुदतीत काम केल्यामुळे.