हाती फोन, तोंडी मराठी – भाग ९ : माइक कुणाची मराठी ऐकतो?

मराठीत बोलून लिहायचं तर कोणता फोन घ्यावा, असं वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेकांना एका कंपनीचं नाव हवं असतं. या भागात मी फोनांची तुलना करणार आहे, पण शहरातल्या शांत खोलीत बसून नाही. माझी कसोटी आहे कुरुंदा.

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं मोठं गाव. भोवती हळद, केळी आणि ऊस. शेजारी टोकाईचा डोंगर आणि त्याच नावाचा साखर कारखाना. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख परभणीत होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथली बोली मराठवाडी. ‘काय करू लाले?’ असं विचारणारी, ‘कामून’ म्हणणारी, ‘पाणी’चं ‘पानी’ करणारी आणि बाजाराला मोंढा म्हणणारी. पुण्यामुंबईत ज्या फोनची ‘मराठी उत्तम’ म्हणून वाखाणणी होते, त्याच्यासमोर हे शब्द आले की त्याची खरी परीक्षा होते.

आधी एक गैरसमज दूर करू. माइकचं बटण दाबून आपण बोलतो, तेव्हा ऐकतो तो फोन नसतोच म्हणा ना. ऐकते ती आवाज ओळखणारी प्रणाली, आणि ती बहुधा कीबोर्डला जोडलेली असते. आठ हजारांचा अँड्रॉइड आणि पन्नास हजारांचा अँड्रॉइड दोन्हींवर जीबोर्ड हा गुगलचा कीबोर्ड असेल, तर इंटरनेट सुरू असताना दोघांचा आवाज जवळपास एकाच ठिकाणी जातो, गुगलच्या सर्व्हरवर. महाग फोनचा माइक चांगला असतो, वाऱ्याचा नि गाडीचा आवाज तो जास्त गाळतो. हा फरक खरा आहे, पण मराठी कळण्याशी त्याचा संबंध थोडाच.

म्हणून तुलना फोनांची नको, ऐकणाऱ्यांची करू. गुगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये एकदम तीस भाषांना बोलून टाइप करण्याची सोय दिली. त्यांत आठ भारतीय भाषा होत्या : मराठी, बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. हिंदीला ती आधीच मिळालेली होती. पुढच्याच वर्षी गुगल असिस्टंट हा बोलता सहायकही मराठी बोलू लागला. सॅमसंगच्या फोनात कंपनीचं स्वतःचं व्हॉइस इनपुट असतं आणि गुगलचंही असतं. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांतलं एक निवडता येतं, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. फोन मराठी नीट लिहीत नाही अशी तक्रार असेल, तर आधी ही निवड तपासा, आणि बोलण्याची भाषा ‘मराठी (भारत)’ आहे की चुकून हिंदी राहिली आहे, तेही पाहा. देवनागरी दोघींची असल्यानं हिंदीच्या कानानं ऐकलेली मराठी वरवर बरोबर दिसते आणि आत सगळी वाकडी असते.

ॲपलची वाट वेगळी. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर सिरी ही ॲपलची बोलती सहायक आली आणि कीबोर्डवर माइकही आला. इंग्रजीत हा माइक फार पुढे गेला. २०२१ च्या आयओएस १५ मध्ये फोनच्या आतच ऐकून लिहिताना साठ सेकंदांची मर्यादा उठली, आणि २०२२ च्या आयओएस १६ मध्ये बोलता बोलता बोटानं दुरुस्ती करता येऊ लागली. पण मराठी माणसाला बराच काळ बाहेर उभं राहावं लागलं. भारतीय इंग्रजीत मिसळलेली मराठी सिरीला कळू लागली ती २०२४ च्या आयओएस १८ मध्ये, म्हणजे गुगलच्या मराठी माइकनंतर सात वर्षांनी. आयफोन घ्यायचाच असेल, तर दुकानातच सेटिंग्ज उघडा, कीबोर्डमध्ये डिक्टेशनच्या भाषांची यादी बघा, मराठीत दोन वाक्यं बोला आणि मग पैसे द्या. मराठी लिहिण्यासाठीच फोन हवा असेल, तर माझं मत स्वस्त अँड्रॉइडच्या बाजूनं आहे.

जिओफोनची आठवण इथं काढायलाच हवी. जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला, दीड हजार रुपये अनामत ठेवून मिळणारा तो बटणांचा फोन. त्यावर बोलून काम सांगण्यासाठी हॅलोजिओ होतं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुगल असिस्टंट हिंदी-इंग्रजीत आला. बटणांवर देवनागरी टाइप करणं हा छळ असतो, त्यामुळे बोलण्याची सर्वांत जास्त गरज याच फोनच्या मालकाला होती. मराठी माणसाला मात्र तिथं हिंदीत बोलावं लागलं. सोय आणि गरज यांची अशी चुकामूक या क्षेत्रात वारंवार दिसते.

रेंज नसताना काय होतं, हा पुढचा प्रश्न. २०१९ च्या मार्चमध्ये गुगलनं इंग्रजीसाठी आवाज ओळखणारी अख्खी प्रणाली पिक्सेल फोनच्या आत बसवली आणि आकुंचित करून ती ८० एमबीपर्यंत आणली. म्हणजे इंटरनेटशिवाय लिहिणं शक्य आहे, हे तेव्हाच सिद्ध झालं. पण अशी सोय भाषेगणिक येते आणि आपली पाळी उशिरा येते. तुमच्या फोनमध्ये ऑफलाइन भाषांची यादी असते. तीत मराठी दिसली, तर घरी वायफायवर उतरवून ठेवा. शिवारात गेल्यावर आठवून उपयोग नाही.

आता मुळाकडे येऊ, कारण तुलनेचं खरं उत्तर तिथं आहे. आपण बोलतो तेव्हा यंत्र आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांचा जोर किती, हे मोजतं. त्यावरून कोणता ध्वनी असण्याची शक्यता किती, हे ठरवतं, आणि मग आजूबाजूचे शब्द पाहून सगळ्यांत संभवनीय वाक्य निवडतं. म्हणजे यंत्र अर्धं ऐकतं आणि अर्धं अंदाज बांधतं. अंदाज कशाच्या आधारे? त्याला शिकवताना दिलेल्या आवाजांच्या आणि मजकुराच्या. त्यात बातम्या, जाहिराती, शहरी गप्पा भरपूर असतील, तर ‘हळद’ शब्दाभोवती त्याला लग्नाचा मांडव दिसतो. कुरुंद्यात हळद म्हणजे बेणं, लागवड, करपा, कंदकूज, काढणी, शिजवणं, वाळवणं आणि पॉलिश. शेतकरी ‘बोद पाडले’ म्हणाला, तर ‘बोध’ उमटण्याची शक्यता जास्त, कारण छापील मराठीत बोध पावलोपावली भेटतो आणि गादीवाफ्याचा बोद क्वचित. ‘टोकाई’ हे नाव यंत्रानं पूर्वी कधी पाहिलंच नसेल, तर ते जवळचा दुसरा शब्द पकडणारच. उच्चार स्वच्छ असूनही चूक होते ती अशी. अशा वेळी बोलणाऱ्याला वाटतं, आपलीच भाषा अशुद्ध. हा समज मला फार खुपतो. भाषा तुमची नेटकी आहे, यंत्राच्या शिक्षणात ती आली नाही एवढंच.

आकड्यांचं दुखणं निराळं आणि पैशांशी जोडलेलं. मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, बावन्न आणि ब्याण्णव : ऐकायला जवळ, हिशेबात लांब. त्यावर दीड, अडीच, पावणेदोन, सव्वाशे. मोंढ्यात हळदीचा भाव ‘साडेतेरा हजार’ असा बोलला जातो. यंत्र ते अक्षरात लिहील, आकड्यात लिहील की अर्धं असं अर्धं तसं, याचा भरवसा धरू नये. कोणताही फोन असो, रक्कम, क्विंटल, गट नंबर आणि तारीख बोटानंच टाकावी. निदान पाठवण्याआधी डोळ्यांखालून तरी घालावी.

मराठी शेतकऱ्याचा आवाज यंत्राला शिकवण्याचा प्रयत्न या कंपन्यांच्या आधी आपल्याकडेच झाला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या मदतीनं सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प चालला. फोन करायचा, शेतमालाचं आणि बाजारपेठेचं नाव बोलायचं आणि भाव ऐकायचा. मराठीचं काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं आणि आयआयटी मुंबईनं केलं. त्यासाठी राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरून गोळा केले गेले. पाठीमागं वाहनांची वर्दळ, मधेच तुटणारी लाइन, एकाच पिकाची चार नावं, हे सगळं त्यात आलं. शेतमालाच्या आणि बाजारपेठांच्या नावांपुरतीच शब्दसंख्या असूनही काम अवघड ठरलं. पण दिशा बरोबर होती : आधी माणसांकडे जायचं, मग यंत्र बांधायचं.

हीच दिशा आता मोठ्या प्रमाणावर धरली गेली आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारत या गटानं २०२४ मध्ये इंडिकव्हॉइसेस नावाचा आवाजांचा संग्रह खुला केला. त्यात बावीस भाषांतले सोळा हजारांहून अधिक लोक बोलले आहेत, आणि त्यातला मोठा भाग वाचून दाखवलेला नसून मनानं बोललेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा, गुगलच्या मदतीनं चाललेला ‘वाणी’ प्रकल्प तर जिल्हा हेच माप धरतो. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून दीड लाख तासांचं बोलणं जमवायचं, हे त्याचं उद्दिष्ट. मला जिल्ह्याचं हे माप महत्त्वाचं वाटतं. ‘मराठी’ म्हणून एक खूण केली आणि आवाज दोन शहरांतून घेतले, तर हिंगोली त्यात येतच नाही.

कुरुंद्याचं नाव मराठी वाचकाला एका आडनावामुळे माहीत असतं. विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांचं घराणं इथलं. त्यांची व्याख्यानं ऐकून, ध्वनिफिती लावून लोकांनी ती कागदावर उतरवली. उतरवणाऱ्याला वाक्य कुठं संपलं, प्रश्न कुठं आहे, अवतरण कुठं सुरू झालं, हे अर्थावरून कळतं. यंत्राची इथं फार ओढाताण होते. आपोआप विरामचिन्हं घालण्याची सोय आधी इंग्रजी, जपानी, जर्मन अशा भाषांना मिळाली. मराठीत अजूनही अनेकदा एक सलग परिच्छेद हाती येतो. माझा उपाय साधा आहे. एका दमात एकच वाक्य बोलावं, थांबावं, पूर्णविराम बोटानं द्यावा आणि पुढं जावं. दहा ओळींसाठी हे पुरतं. भाषणासाठी नाही.

मग बोलून लिहायचं कशाला? व्हॉइस नोट आहेच की, असं तरुण पोरं म्हणतात. व्हॉट्सॲपवर ती २०१३ पासून आहे आणि तिला बोलीची अडचण येत नाही, कारण ऐकणारा माणूस असतो. पण अर्जाला व्हॉइस नोट जोडता येत नाही. जुलै २०२२ मध्ये आसना नदीचं पाणी कुरुंद्यात घराघरांत शिरलं, शेतं खरवडून गेली. पीकविम्याच्या तेव्हाच्या नियमानं नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. अशा वेळी काय गेलं, किती गेलं, केव्हा गेलं हे लिहून द्यावं लागतं. ज्याला टाइप करायला अर्धा तास लागतो, त्याला बोलून पाच मिनिटांत कच्चा मजकूर मिळाला आणि घरातल्या शिकलेल्या पोरीनं तो दुरुस्त केला, तर या सोयीचं चीज झालं. ग्रामपंचायतीचा अर्ज, बँकेला पत्र, मुलाच्या शाळेला चिठ्ठी, सगळीकडे हेच. मोठ्या अक्षरांतही वाचायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबद्दल आणि अंध वाचकांबद्दल पुढच्या भागात सविस्तर लिहिणार आहे.

खासगीपणाबद्दल दोन गोष्टी. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या सहायकांशी लोक जे बोलतात, त्याचे तुकडे तपासणीसाठी माणसं ऐकतात, हे उघड झालं. ॲपलनं त्या ऑगस्टमध्ये माफी मागितली आणि आवाज देणं ग्राहकाच्या संमतीवर ठेवलं. गुगल खात्यातही आवाजाचं रेकॉर्डिंग साठवायचं की नाही, हे ठरवता येतं आणि जुनं पुसताही येतं. ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’त जाऊन ते एकदा पाहून घ्या. बँकेचा पिन, ओटीपी, आधार क्रमांक हे माइकवर कधीही बोलू नका, चावडीवर तर नाहीच नाही.

उलट, आवाज द्यायचाच असेल तर जाणून-बुजून द्या. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या सरकारी उपक्रमात ‘भाषादान’ नावाची जागा आहे. तिथल्या ‘बोलो इंडिया’मध्ये पडद्यावर मराठी वाक्य येतं, ते आपण वाचायचं. ‘सुनो इंडिया’मध्ये ऐकलेलं लिहायचं. ‘कॉमन व्हॉइस’ या मोझिलाच्या आवाज जमवणाऱ्या प्रकल्पातही मराठी आहे. शाळेतल्या मुलांचा एक गट आणि घरातल्या आजी यांना सोबत बसवून हे करता येतं. वाचताना पुस्तकी उच्चार ओढून आणू नका. ‘पानी’ म्हणत असाल तर ‘पानी’च म्हणा. आवाजांच्या या साठ्यांत कमी आहे ते नेमकं हेच.