संगणकाचे राखीव बियाणे



भंडारा जिल्ह्यातील धान पिकवणाऱ्या माणसाला बियाण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. मळणी झाली की निवडलेले चांगले धान तो वेगळे काढून ठेवतो आणि घरात कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावीत नाही. पण समजा, यंदा त्याने वाण बदलला. मग कोठीत ठेवलेले जुने बियाणे पेरून नवा वाण उगवेल काय? नव्या वाणाचे बियाणे नव्या पिकातूनच राखावे लागते. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच विसरले जाते, आणि त्याचे नुकसान मोठे असते. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

साकोली, पवनी, तुमसर, लाखांदूर, कुठलाही तालुका घ्या. पुष्कळ शाळांतून आणि ग्रामपंचायतींतून आता संगणक आलेला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची माहिती, निकालपत्रके, दाखले, सारे काही त्याच्या पोटात असते. हा संगणक ज्या मूळ कार्यप्रणालीवर चालतो तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा विंडोज असते. विंडोज 7 ची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 जानेवारी 2020 रोजी थांबवली आणि विंडोज 10 ची नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी. त्यामुळे जुनी विंडोज काढून नवी घेण्याचे, म्हणजे अपग्रेड करण्याचे काम गावोगाव झाले. अपग्रेड झाले, पडद्यावर नवे चित्र दिसले, सर्वांना आनंद झाला. आणि कपाटातली जुनी डिस्क मात्र तशीच राहिली.

ही डिस्क कशासाठी असते? संगणक एखाद्या दिवशी सुरूच झाला नाही, तर बाहेरून त्याला चालना देऊन दुरुस्त करावे किंवा त्याच्यावर विंडोज नव्याने बसवावी, यासाठी. पूर्वी संगणकाबरोबर विंडोजची सीडी मिळत असे. पुढे कंपन्यांनी ती देणे बंद केले. संगणकातच एका लपलेल्या कप्प्यात सर्व साहित्य भरून ठेवले आणि खरेदीदाराला सांगितले की, तुमच्या डीव्हीडी तुम्हीच तयार करून घ्या. 2012 साली विंडोज 8 आली, आणि तेव्हापासून हे काम पेनड्राइव्हवर होऊ लागले. त्याला रिकव्हरी ड्राइव्ह म्हणतात.

आता मुद्दा असा की, विंडोज 7 च्या काळातील डिस्क विंडोज 10 च्या उपयोगाची नाही. ती लावली तर ‘ही आवृत्ती जुळत नाही’ असे उत्तर मिळते. कंपनीने दिलेला लपलेला कप्पा शाबूत असला, तरी तो संगणकाला कारखान्यातून निघाला त्या दिवसाच्या स्थितीला नेतो. म्हणजे जुनी विंडोज परत येते आणि मधली कागदपत्रे जातात. अपग्रेडनंतर मागे फिरण्याची सोय विंडोज स्वतः देते खरी, पण ती साधारण 10 दिवसांपुरती. त्यानंतर जुन्या विंडोजच्या फाइली आपोआप काढून टाकल्या जातात. म्हणून अपग्रेड झाले की त्याच आठवड्यात, संगणक धडधाकट असतानाच, नवा रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

तो करायचा कसा? निदान 16 जीबीचा, शक्य तर 32 जीबीचा, चांगल्या दुकानातून घेतलेला पेनड्राइव्ह आणावा. त्यावरचे आधीचे सर्व काही पुसले जाणार आहे, हे लक्षात असू द्या. मुलांच्या स्नेहसंमेलनाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नका. तो संगणकाला लावावा, स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असे इंग्रजीत लिहावे आणि जो कार्यक्रम दिसेल तो उघडावा. सिस्टिम फाइल्सही घ्यायच्या का, असा एक चौकोन येतो. त्यात खूण असू द्यावी. मग पुढे पुढे जाऊन ‘क्रिएट’ म्हणावे. काम सावकाश होते, तासभर किंवा त्याहूनही अधिक लागू शकतो. मध्येच वीज जाण्याचा संभव असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून किंवा यूपीएस असलेल्या जागी हे काम करावे.

हे सुरळीत झाले तर प्रश्नच मिटला. पण अपग्रेड केलेल्या संगणकावर पुष्कळदा ते सुरळीत होत नाही. त्या वेळी घाबरून कोणाकडून तरी ‘फॉरमॅट मारून’ घेऊ नये. अडचण कुठे आहे ते क्रमाने पाहावे.

पहिली शंका पेनड्राइव्हवर घ्यावी. यादीत त्याचे नावच येत नसेल, किंवा काम अर्ध्यावर येऊन थांबत असेल, तर तो दुसऱ्या खाचेत लावून पाहावा. मोठ्या संगणकाला मागच्या बाजूच्या खाचा असतात, त्यांतील एखादी वापरावी. मधे जोडफांटा ठेवू नये. बाजारात असेही पेनड्राइव्ह मिळतात की वर 64 लिहिलेले असते आणि आत जागा फारच थोडी. म्हणून दुसरा, खात्रीचा पेनड्राइव्ह लावून पाहिल्याशिवाय संगणकाला दोष देऊ नये. अँटिव्हायरस आडवा येत असेल तर इंटरनेट सोडवून तेवढ्या वेळेपुरता तो बंद ठेवावा आणि काम होताच पुन्हा सुरू करावा.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. कधी कधी संगणक सुरुवातीलाच म्हणतो, ‘या संगणकावर रिकव्हरी ड्राइव्ह तयार करता येत नाही, काही आवश्यक फाइली सापडत नाहीत.’ याचा अर्थ काय? विंडोजच्या आत दुरुस्तीसाठी एक छोटी, स्वतंत्र विंडोज असते. तिला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. रिकव्हरी ड्राइव्ह तिच्यातूनच तयार होतो. अपग्रेड होताना ही छोटी विंडोजही बदलते. नवी आकाराने मोठी असते आणि तिच्यासाठी राखलेला जुना कप्पा लहान पडतो. मग ती कधी दुसरीकडे ठेवली जाते, तर कधी बंद अवस्थेत पडून राहते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणाऱ्यांकडून असेही होते की, मुख्य भागाची नक्कल केली जाते आणि तो छोटा कप्पा मागेच राहतो. संगणक उत्तम चालतो, वेगही वाढतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. रिकव्हरी ड्राइव्ह करायला बसावे तेव्हा ते उघडकीस येते.

याची तपासणी अगदी सोपी आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजी सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहावीत. कमांड प्रॉम्प्ट दिसेल, त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळी चौकट उघडेल. तिच्यात आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही अक्षरे सलग लिहावीत. मग एक जागा सोडावी, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून आय, एन, एफ, ओ लिहून एंटर दाबावे. उत्तरात ‘एनेबल्ड’ दिसले तर छोटी विंडोज जागी आहे. ‘डिसेबल्ड’ दिसले तर ती झोपलेली आहे. तिला जागे करण्यासाठी तीच आज्ञा पुन्हा लिहावी, फक्त तिरप्या रेघेनंतर इन्फोच्या जागी ई, एन, ए, बी, एल, ई लिहावे. पुष्कळ संगणकांवर एवढ्यानेच काम भागते. मग रिकव्हरी ड्राइव्हचा कार्यक्रम पुन्हा उघडावा.

एनेबल करताना ‘इमेज सापडत नाही’ असे उत्तर आले तर ती छोटी विंडोज संगणकात उरलेलीच नाही, किंवा विंडोजला तिचा पत्ता ठाऊक नाही, असे समजावे. आणि कप्प्यात जागा कमी असेल तर? ही केवळ आपल्याकडची तक्रार नाही. 9 जानेवारी 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 साठी जी सुरक्षा-दुरुस्ती पाठवली, ती जगभर अनेक संगणकांवर याच कारणाने बसेना. राखीव कप्प्यात 250 एमबी मोकळी जागा हवी, असे कंपनीलाच सांगावे लागले. कप्पा मोठा करणे हे जाणकाराचे काम आहे. तेथे एक आज्ञा चुकली तर साऱ्या डिस्कवरचे लिखाण जाऊ शकते. शिक्षकांनी ते स्वतः करून पाहू नये.

तिसरी अडचण म्हणजे विंडोजच्याच काही फाइली खराब झालेल्या असणे. त्याच काळ्या चौकटीत एस, एफ, सी लिहून, जागा सोडून, तिरपी रेघ आणि तिला लागून एस, सी, ए, एन, एन, ओ, डब्ल्यू लिहावे. संगणक आपल्या फाइली तपासतो आणि शक्य तेवढ्या दुरुस्त करतो. तरीही जमले नाही तर सिस्टिम फाइल्सच्या चौकोनातली खूण काढून प्रयत्न करावा. असा लहान ड्राइव्ह विंडोज नव्याने बसवू शकत नाही, पण बंद पडलेला संगणक सुरू करून दुरुस्तीची साधने हाती देतो.

आणि हे सर्व फसले तर? तरीही मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ नावाचा कार्यक्रम मोफत मिळतो. निदान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर तो विंडोज बसवण्याचे पूर्ण साहित्य उतरवून देतो. हे साहित्य त्याच संगणकावर तयार करावे लागते असे नाही. शेजारच्या गावातील शाळेत चांगले इंटरनेट असेल तर तेथेही करता येते. फक्त आपली विंडोज कोणत्या आवृत्तीची आहे हे आधी पाहून घ्यावे. अधिकृत विंडोज एकदा त्या संगणकावर चालू झालेली असली, तर तीच पुन्हा बसवताना सहसा 25 अक्षरांची किल्ली नव्याने लागत नाही.

ड्राइव्ह तयार झाला म्हणजे तो बाजूला ठेवण्यापूर्वी एकदा परीक्षा घ्यावी. संगणक बंद करून ड्राइव्ह लावावा आणि सुरू करताना त्या कंपनीचे जे बटण असेल ते, एफ 12, एफ 9 किंवा एस्केप, दाबून पेनड्राइव्ह निवडावा. कीबोर्डची भाषा विचारणारा निळा पडदा आला की ड्राइव्ह चांगला आहे. तेथूनच संगणक बंद करावा, पुढे जाऊ नये. कारण पुढे ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ असा पर्याय असतो. तो निवडला म्हणजे विंडोज नवी बसते, पण आपली सर्व कागदपत्रे आणि बसवलेले कार्यक्रम पुसले जातात.

रिकव्हरी ड्राइव्हमध्ये फक्त विंडोज असते. मुलांचे गुण, दाखले, पत्रे त्यात नसतात. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर वेगळीच ठेवावी लागते. दोन्ही असतील तरच शाळा निर्धास्त. काही संगणकांवर डिस्क कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या वेळी 48 अंकांची बिटलॉकर किल्ली मागितली जाते. ती आधीच कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक एका दिवसात बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने जे साधन पुढे केले, ते पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याचेच होते. मोठ्या कंपन्यांजवळ माणसे असतात, ती रात्रभर राबतात. आपल्या शाळेत संगणक जाणणारे एकच गुरुजी असतात, दुरुस्ती करणारा भंडाऱ्याला किंवा नागपूरला, आणि अर्जाची शेवटची तारीख उद्या. तारीख चुकली तर शिष्यवृत्ती जाते ती एखाद्या धानकऱ्याच्या मुलीची.

तेव्हा पेनड्राइव्हला एक चिठ्ठी बांधा. तिच्यावर संगणकाचे नाव, विंडोजची आवृत्ती आणि तयार केल्याची तारीख लिहा. वर्षातून एकदा, आणि विंडोज बदलली की लगेच, तो नव्याने करा. वाण बदलला की बियाणे बदलायचे, हा आपला जुनाच नियम येथेही पाळायचा आहे.