राजधानीतून आलेला सरळ आवाज

जानेवारी १९८५मध्ये ब्राझीलमध्ये ‘लेजियाँव उर्बाना’ या रॉक बँडचा पहिला अल्बम बाजारात आला. अल्बमचे नाव बँडचेच होते, गाणी ११ होती आणि मागे ईएमआयसारखी बडी कंपनी उभी होती. १९६४च्या बंडापासून देशावर लष्कराचे राज्य होते. ते आता संपत आले होते, तरी जनरल फिगेरेदो अजून राष्ट्राध्यक्षपदावर होते. त्याच महिन्यात रिओ दि जानेरोमध्ये ‘रॉक इन रिओ’ हा प्रचंड महोत्सव भरला आणि तो सुरू असतानाच, १५ जानेवारीला, निर्वाचक मंडळाने तांक्रेदो नेव्हिस या बिगरलष्करी नेत्याची राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड केली. अशा मोक्याच्या वेळी आलेल्या या अल्बमबद्दल एक मत नेहमी ऐकू येते. ते असे की, ही मुले पंक म्हणून सुरू झाली आणि रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा मवाळ झाली. मला हे मत पटत नाही. पंकचा गोंगाट या अल्बममध्ये कमी झाला हे खरे आहे. पण पंकने या मुलांना जी खरी गोष्ट दिली होती, म्हणजे आडपडदा न ठेवता स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलण्याची हिंमत, ती इथे जास्त स्पष्ट झाली आहे.

ही हिंमत कुठून आली ते समजण्यासाठी ब्राझिलिया हे शहर समजून घ्यावे लागते. २१ एप्रिल १९६० रोजी या नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. लुसिओ कोस्ता यांचा आराखडा आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारती अशी ही नगरी उजाड पठारावर काही वर्षांत उभी राहिली. चंडीगढचे सेक्टर पाहिलेल्या वाचकाला तिची थोडीफार कल्पना येईल, कारण दोन्ही शहरांच्या मुळाशी ल कोर्ब्युझिएचा नगरविचार आहे. सरळ रेषा, एकसारख्या वसाहती, लांबच लांब मोकळ्या जागा. चार वर्षांतच लष्कराने सत्ता बळकावली आणि भविष्याचे स्वप्न म्हणून बांधलेली राजधानी जनरलांचे मुख्यालय झाली. बँडचा गायक आणि गीतकार रेनातो रुस्सो याचा जन्म मार्च १९६०चा, म्हणजे तो आणि शहर एकाच वयाचे. वडील बँक ऑफ ब्राझीलमध्ये नोकरीला असल्यामुळे बालपणीची काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये गेली आणि १९७३मध्ये कुटुंब ब्राझिलियात आले. किशोरवयात हाडांच्या आजाराने तो बराच काळ अंथरुणाला खिळला होता. त्या काळात तो वाचत राहिला, रेकॉर्ड ऐकत राहिला आणि एका काल्पनिक रॉक बँडचा सविस्तर इतिहास वहीत लिहीत राहिला. पुढे त्याने इंग्रजी शिकवण्याचे कामही केले.

प्राध्यापक, राजदूत आणि सरकारी अधिकारी यांच्या मुलांचा एक गट विद्यापीठाच्या ‘कोलिना’ या वसाहतीत जमत असे. परदेशातून येणाऱ्या रेकॉर्डांमधून पंक या मुलांपर्यंत पोहोचले. १९७८मध्ये रेनातोने फे लेमोस आणि आंद्रे प्रेतोरियस यांच्याबरोबर ‘आबोर्तो एलेत्रिको’ हा बँड सुरू केला. त्या बँडने अल्बम काढला नाही, पण त्याची गाणी पुढे दोन मोठ्या बँडांना पुरली. लेमोस बंधूंचा ‘कापिताल इनिसियाल’ हा एक आणि रेनातोचा दुसरा. पंकचा नियम साधा होता. वाद्य नीट येत नसले तरी चालेल, तीन-चार सूर-मेळ पुरेत, पण सांगायला स्वतःचे काहीतरी हवे. आबोर्तो एलेत्रिको फुटल्यावर रेनातो काही दिवस एकटाच गिटार घेऊन गात होता. तेव्हा हा नियम त्याच्या कामी आला, कारण गिटारचा आवाज कमी झाल्यावर शब्द उघडे पडतात आणि ते टिकले नाहीत तर लपायला जागा उरत नाही. १९८२मध्ये मार्सेलो बोंफा या ड्रमवादकाबरोबर लेजियाँव उर्बाना उभा राहिला. गिटारसाठी दादो विला-लोबोस आला आणि नंतर बाससाठी रेनातो रोशा. दरम्यान ‘पारालामास दो सुसेसो’ या मित्रांच्या बँडने १९८३च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये रेनातोचे ‘किमिका’ हे गाणे घेतले आणि रिओत ईएमआयचे दार किलकिले झाले.

आता अल्बमकडे वळू. पहिले गाणे ‘सेरा’. त्याची सुरुवातच अशी आहे की, एक माणूस दुसऱ्याला अंगावरचा हात काढायला सांगतो आणि मी तुझ्या मालकीचा नाही असे बजावतो. वरवर हे प्रेमातले भांडण आहे. पण वीस वर्षे हुकूम ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ते एवढ्यापुरतेच ऐकू आले असेल असे मला वाटत नाही. ‘जेरासाँव कोका-कोला’ हे गाणे थेट आबोर्तो एलेत्रिकोच्या काळातले आहे. लष्कराने आपल्या बंडाला ‘क्रांती’ असे नाव दिले होते. गाण्यातली मुले त्याच क्रांतीची अपत्ये म्हणून पुढे येतात, अमेरिकेतून आलेल्या डबाबंद मालावर आपल्याला पोसले असे सांगतात आणि तो माल परत तोंडावर फेकण्याची धमकी देतात. ‘ओ रेगे’मध्ये शाळेचा पहिला दिवस हीच गजांशी झालेली पहिली ओळख ठरते. ‘बाडर-माइनहोफ ब्लूज’चे नाव जर्मन दहशतवादी गटावरून घेतले आहे, पण गाणे आपल्या सपक आयुष्याला हिंसेचे वाटणारे आकर्षण तपासते. मला ते अल्बममधले सर्वांत प्रामाणिक गाणे वाटते, कारण ते दोष फक्त सरकारवर ढकलून मोकळे होत नाही.

या भाषेचे महत्त्व ब्राझीलच्या आधीच्या संगीताशेजारी ठेवले की कळते. १९६८च्या डिसेंबरात आलेल्या पाचव्या संस्थात्मक अध्यादेशानंतर सेन्सॉरचा फास आवळला गेला. शिको बुआर्केसारख्या थोर गीतकारांनी त्यावर उपाय म्हणून रूपके, श्लेष आणि आडवळणे अशी एक अप्रतिम कला विकसित केली. त्या कलेबद्दल मला नितांत आदर आहे. पण १९८०च्या सुमारास वयात आलेल्या मुलाला ती आईवडिलांची भाषा वाटत होती आणि तिची कोडी उलगडायला त्यांचेच शिक्षण लागत होते. रेनातोने घरात, शाळेच्या पटांगणात, रस्त्यावर मुले जशी बोलतात तशी वाक्ये गाण्यात आणली. ही मोकळीक त्याला पंकने दिली. म्हणूनच ‘आइंदा ए सेदो’सारखे तुटलेल्या नात्याचे गाणे आणि ‘सोल्दादोस’सारखे सैनिक झालेल्या मुलांच्या भीतीचे गाणे एकाच आवाजात शेजारी बसू शकतात.

यावर साओ पाउलोच्या पंकांचा आक्षेप गंभीर आहे. तिथे कामगार वस्त्यांमधून ‘कोलेरा’, ‘ओल्यो सेको’, ‘इनोसेंतेस’ असे बँड निघाले. १९८२मध्ये ‘ग्रितो सुबुर्बानो’ हा त्यांचा एकत्रित अल्बम आला. त्यांना राजदूतांच्या मुलांनी पंक म्हणवून घेणे खटकले तर ते स्वाभाविक होते. उपाशी पोटाचा राग आणि कंटाळ्याचा राग एक नव्हेत, हे मान्यच करायला हवे. पण ब्राझिलियाच्या मुलांनी कामगाराचे सोंग घेतले नाही. ‘जेरासाँव कोका-कोला’ आपण सुखवस्तू घरातले आहोत हे गाण्यातच कबूल करते, आणि ज्या वर्गाच्या मूक संमतीवर राजवट टिकली होती त्याच वर्गाच्या घरातून हा नकार आला. माझ्या मते हा नकार वेगळ्या जातीचा आहे, कमी दर्जाचा नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. गिटारचा तो थंड झणझणाट आणि ड्रमचा तो कोरडा ठेका ‘जॉय डिव्हिजन’ व ‘गँग ऑफ फोर’ या इंग्लिश बँडांकडून आला हे कान देऊन ऐकणाऱ्या कुणालाही कळते. इथे मी बँडचा बचाव करणार नाही, काही गाण्यांत उसनवारी उघडी पडते. पण त्या उसन्या साच्यात पोर्तुगीज शब्दांची लय बसवणे सोपे नव्हते, आणि रेनातोच्या भारदस्त, खर्जातल्या गळ्याने ती बसवली. कंपनीबद्दलचा आक्षेप, म्हणजे बहुराष्ट्रीय मालाला शिव्या देणारे गाणे बहुराष्ट्रीय कंपनीनेच विकले हा, खरा आहे. पण गाणे आधी लिहिले गेले होते आणि कंपनीकडे जाताना त्यातला एकही दात काढला गेला नाही.

शेवटी काही जाणकार म्हणतात, खरे पंक ऐकायचे तर १९८७चा तिसरा अल्बम ऐका. ‘के पाइस ए एस्ते’ या त्या अल्बममध्ये १९७८पासूनची जुनी गाणी वेगात, आक्रमकपणे वाजवली आहेत, हे बरोबर आहे. पण तोवर बिगरलष्करी सरकार येऊन दोन वर्षे झाली होती. पहिला अल्बम दुकानात आला तेव्हा जनरल अजून राजधानीत बसले होते. त्या अल्बमचा शेवट ‘पोर एंक्वांतो’ या कीबोर्डवरच्या संथ गाण्याने होतो. कायमचे वाटणारेही कायम राहत नाही, हे त्यात घरी परतण्याच्या विचाराशेजारी सांगितले आहे. पाच वर्षांनी कासिया एलेर या गायिकेने आपल्या पहिल्या अल्बमसाठी हेच गाणे निवडले आणि आपल्या खरखरीत गळ्यातून ते इतके वेगळे गायले की, पुष्कळ ब्राझिलियनांना ते आधी तिचे म्हणून आठवते.