सही कुणाची, तारीख कधीची?

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक शिक्षिका माझ्या ऑफिसात आल्या. पर्समधून त्यांनी चार घड्या घातलेलं समन्स काढलं. बेलिफाकडून सही करून घेतलेलं आणि नंतर आठ दिवस देव्हाऱ्यामागे ठेवलेलं. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी, त्यासाठी बँकेचा दावा. नवरा प्रतिवादी क्रमांक १ आणि या क्रमांक २.

"कार्ड त्यांचं, कर्ज त्यांचं. मला तर पत्ताही नव्हता. मग मी कोर्टात कशाला जाऊ वकीलसाहेब?"

श्रोतेहो, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. लग्न झालं म्हणून आपल्याकडे नवऱ्याचं कर्ज बायकोचं होत नाही, बायकोचं नवऱ्याचं होत नाही. देणं सहीनं येतं. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तरच आपण देणेकरी. या बाईंकडे 'अ‍ॅड-ऑन' कार्ड होतं, म्हणून बँकेनं त्यांना दाव्यात ओढलं होतं. पण अशा जादा कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांतही स्पष्ट म्हटलं आहे.

चुकत होतं ते पुढचं अर्धं. 'मी देणं लागत नाही' हे घरात बसून खरं असलं, तरी कोर्टाला ते कुणीतरी सांगावं लागतं. हजर न राहणाऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करून गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. समन्स घ्यायला नकार देऊनही सुटका नाही. बेलिफ ते दारावर चिकटवून तसा अहवाल देऊ शकतो. नवरा घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखा नसेल, तर घरातल्या प्रौढ व्यक्तीनं घेतलेलं समन्सही त्याला पोचलं असं धरता येतं.

म्हणून कागद हातात आला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो कोर्टाचाच आहे का? वकिलाची नोटीस किंवा लोकअदालतीची सूचना म्हणजे समन्स नव्हे. कोर्टाचं नाव, शिक्का आणि दावा क्रमांक पाहावा. १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घालून खात्री करता येते. दुसरी, दावा कोणता? साध्या दिवाणी दाव्यात लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देतं. पण 'समरी सूट' असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. बाईंचा दावा नेमका तोच होता आणि आठ दिवस गेले होते! तिसरी, समन्ससोबत आलेली वादपत्राची प्रत. अर्जावर सही कुणाची, शेवटचा भरणा कधीचा, व्याज आणि दंड किती लावला, हे तिथून कळतं. अशा वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मात्र मुदतीत देणेकऱ्यानं लेखी कबुली दिली, की ती नव्यानं मोजली जाते.

वसुलीच्या माणसांपुढे घाबरून 'मी हप्ते भरीन' असं पत्नीनं लिहून देऊ नये. नसलेलं देणं तेवढ्यानं अंगावर येऊ शकतं. हुकूमनामा एकट्या नवऱ्यावर झाला, तर पत्नीचा पगार, तिच्या कमाईचं घर, तिचं स्त्रीधन यांवर त्यासाठी टाच येत नाही. जोडखात्यातले नवऱ्याचे पैसे आणि घरातला त्याचा वाटा मात्र सुरक्षित नाहीत. बँकेला चुकवण्यासाठी घाईघाईनं बायकोच्या नावे केलेलं घरही कोर्टात टिकेलच असं नाही. नवरा हयात नसेल, तर वारसांची जबाबदारी त्याच्या मालमत्तेतून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, हेही दिवाणी कायद्यातच लिहिलेलं आहे.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसण्याचं कारण नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका समितीच्या कार्यालयात अर्ज करावा.

त्या बाईंची हजेरी आम्ही दुसऱ्याच दिवशी नोंदवली. बँकेच्या अर्जावर सही फक्त नवऱ्याची निघाली. बाईंना बिनशर्त बचावाची परवानगी मिळाली आणि पुढे बँकेनं त्यांचं नाव वगळलं. नवऱ्यानं हप्त्यांची तडजोड केली. ती फेडायला दोन वर्षं लागली, आणि घरातला अबोलाही बरेच दिवस टिकला. तो सोडवणं माझ्या हातात नव्हतं. पण आणखी दोन दिवस ते समन्स देव्हाऱ्यामागेच राहिलं असतं, तर न केलेल्या सहीपायी त्यांच्या पगारावर जप्तीची वेळ आली असती. घरी असा कागद आला, तर पोचल्याची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात तो जाणकाराला दाखवा.