रेझ्युमेची भन्नाट रेंज!

नोकरी शोधताय? मग आधी घड्याळ बघा! ‘लॅडर्स’ या अमेरिकन जॉब साइटने रिक्रूटरांच्या नजरेचा माग काढला. २०१८ मध्ये हाती आलेला आकडा : एका रेझ्युमेवर पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद. बस्स! एक जांभई द्यायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पहिल्या पानाचा वरचा भाग हाच तुमचा प्राइम टाइम. सध्याचं काम, हुद्दा, तारखा तिथेच झळकू द्या.

माहीत आहे का, लिओनार्दो द विंचीनेही नोकरीसाठी अर्ज लिहिला होता? साल साधारण १४८२, वय तिशीचं. मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झासाठी त्याने एकेक मुद्दा ओळीने मांडला. उचलून नेता येतील असे हलके पूल, खंदकातलं पाणी काढायची युक्ती, तोफा, झाकलेले रथ, आवाज न करता भुयार खणायची पद्धत… आणि चित्रकला? ती पार शेवटी, जाता जाता! तेव्हा इटलीतली राज्यं एकमेकांशी भिडलेली होती. स्फोर्झाला चिंता किल्ल्याच्या भिंती राखायची होती, रंगवायची नव्हे! समोरच्याची गरज आधी, आपली हौस नंतर. याहून भारी रेझ्युमे-टिप मला तरी ठाऊक नाही. लिओनार्दो मिलानमध्ये सतराएक वर्षं राहिला आणि ‘द लास्ट सपर’ तिथल्याच एका भिंतीवर रंगवलं. पत्राचा मसुदा आजही मिलानच्या अँब्रोझियाना ग्रंथालयात आहे.

आता जॉब शोधणारा जॉब्ज! १९७३ मध्ये स्टीव्ह जॉब्जने हाताने भरलेला एकपानी अर्ज २०१८ मध्ये लिलावात सुमारे पावणेदोन लाख डॉलरना गेला. त्यात फोनच्या रकान्यात काय लिहिलंय? ‘नाही’! पुढे आयफोन आणणाऱ्या माणसाकडे तेव्हा फोनच नव्हता. ‘ह्युलेट-पॅकार्ड’ या कंपनीच्या नावाचं स्पेलिंगही चुकलंय. जॉब्जला माफ, आपण मात्र स्पेलचेक करूनच सेंड दाबायचं.

थापा? छे, छे! मॅरिली जोन्स यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत २८ वर्षं काम केलं, तिथल्या प्रवेश विभागाच्या डीन झाल्या. हजारो मुलांचे अर्ज त्यांच्या विभागाच्या हाताखालून गेले. २००७ मध्ये उघड झालं, की त्यांनी स्वतःच्या रेझ्युमेत लिहिलेल्या पदव्या खोट्या होत्या. पदव्या खोट्या निघाल्या, पदही गेलं! काम उत्तम होतं, म्हणूनच जास्त चुटपुट लागते.

जपानची तऱ्हा न्यारी. तिथे रेझ्युमेचे छापील फॉर्म कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. जुना शिरस्ता असा, की तो हातानेच भरायचा, आणि एक अक्षर चुकलं तर व्हाइटनर नाही, नवा फॉर्म! फोटोही हवाच. अमेरिकेत नेमकं उलट : भेदभावाचा संशयही नको म्हणून फोटो टाळतात.

अपयशाचाही सीव्ही असतो, माहीत आहे का? प्रिन्स्टन विद्यापीठाचे तेव्हाचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी २०१६ मध्ये तो जगजाहीर केला. नाकारलेले शोधनिबंध, हुकलेल्या नोकऱ्या, न मिळालेला निधी, सगळं सालवार! तो इतका व्हायरल झाला, की आपल्या साऱ्या संशोधनापेक्षा यालाच जास्त लक्ष मिळालं, हेही त्यांनी त्याच यादीत अपयश म्हणून नोंदवलं.

आणि आपल्याकडे? वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ अशी ग्वाही. सरकारी अर्जात मागितलं तर जरूर द्या. खासगी कंपनीसाठी तीच जागा कामाच्या आकड्यांना द्या : किती माणसं सांभाळलीत, किती विक्री वाढवलीत, किती वेळ वाचवलात.

मोठ्या कंपन्यांत बहुतेकदा पहिला वाचक सॉफ्टवेअर असतो. मजकूर चित्रात किंवा फॅन्सी चौकटीत कोंबलात, तर त्याला तो दिसेलच याची खात्री नाही. साधी मांडणी, आणि जाहिरातीतल्या ज्या कौशल्यांवर तुमची खरंच पकड आहे ते शब्द जसेच्या तसे.

जाता जाता : रिक्रूटरच्या फोल्डरमध्ये ‘रेझ्युमे फायनल फायनल २’ नावाच्या किती फाइल्स पडत असतील? तुमची आत्ताच रीनेम करा. आधी नाव, मग पद!